बटईचा पॉइंटर आणि बंद होणारा महिरपी कंस

मॅलॉक-फ्री (मेमरी मागणं आणि सोडणं) कळतं, एखाददुसरा सेगफॉल्ट निस्तरलाय आणि आता जीलिब या सी लायब्ररीवरच्या कोडमध्ये हात घालायचाय, अशांसाठी हे लिहितोय. मी परभणीचा. पहिली नोकरी संभाजीनगरला, चिकलठाण्यात. काम म्हणजे पंपांची माहिती गोळा करणाऱ्या एका छोट्या लिनक्स डब्यासाठी सी लिहायचं.

जीलिबचा जी_ऑटोपीटीआर हा मॅक्रो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हायसं वाटलं. व्हेरिएबलला लावायचं, मग फंक्शनमधून कुठूनही रिटर्न करा, वस्तू आपोआप फ्री होते. 2015 मधल्या जीलिब 2.44 पासून ही सोय आहे आणि तिच्या पोटात जीसीसी-क्लँग या कंपायलरांचं क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट आहे, म्हणजे व्हेरिएबलचा ब्लॉक संपला की ठरलेलं फंक्शन आपोआप चालवणारी खूण. आमचे एक सीनियर म्हणाले, "मॅक्रो लाव अन् विसरून जा." मी विसरलो. हा सल्ला कुणीही दिला तरी घेऊ नका, माणूस कितीही अनुभवी असो.

माझं फंक्शन पाच ओळींचं होतं. जेसन पार्सर (जेसन स्वरूपातला मजकूर वाचणारी वस्तू) तयार करायचा, त्याला जी_ऑटोपीटीआर लावायचं, मजकूर वाचायचा, त्यातून पंपाचं नाव काढायचं आणि ते नाव रिटर्न करायचं. टेस्टमध्ये मी पॉइंटर नल नाही एवढंच तपासलं होतं. टेस्ट पास. प्रत्यक्ष डब्यावर मात्र नावाची पहिली अक्षरं कचरा आणि शेवटचं 'पंप-3' जसंच्या तसं. चार दिवस मी सिरियल केबल आणि एन्कोडिंगला दोष देत बसलो.

झालं काय होतं, ते नीट बघा. जेसन-जीलिब लायब्ररीचं नाव काढून देणारं फंक्शन स्ट्रिंगची नवी प्रत देत नाही. ते पार्सरच्या घरातल्याच स्ट्रिंगचा पत्ता देतं. रिटर्नची किंमत आधी ठरते, म्हणजे पत्ता हातात येतो. त्यानंतर फंक्शनच्या बंद होणाऱ्या महिरपी कंसापाशी क्लीनअप चालतं, पार्सर जातो आणि त्याच्याबरोबर ती स्ट्रिंगही. हातात पत्ता उरतो, घर पडलेलं असतं.

आमच्याकडं रान बटईनं देतात. पेरतो, राखतो बटईदार, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. मालकानं रान विकलं की बटईदारानं कुठं उभं राहायचं? पॉइंटरचंही तेच. हातात आहे म्हणून तो तुमचा होत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये 'ट्रान्सफर नन' लिहिलंय की 'ट्रान्सफर फुल', हे प्रत्येक फंक्शनसाठी वाचा. नन म्हणजे बटई, फुल म्हणजे मालकी तुमची. परतीच्या टाइपला कॉन्स्ट दिसलं तरी तोच संशय घ्या.

उपाय एका शब्दाचा होता: रिटर्नच्याच ओळीत जी_स्ट्रडप, म्हणजे स्ट्रिंगची नवी प्रत करणारं फंक्शन. प्रत क्लीनअपच्या आधी तयार होते आणि तिचे मालक आपण. आणि जी_ऑटोफ्री (साध्या मेमरीसाठीचा तसाच मॅक्रो) लावलेलं स्वतःचंच व्हेरिएबल रिटर्न करायचं असेल तर जी_स्टील_पॉइंटर. ते पॉइंटर बाहेर देतं आणि मूळ व्हेरिएबल नल करून ठेवतं, फेरफार झाल्यावर जुन्या मालकाचं नाव निघतं तसं. लिनक्स कर्नलमध्येही 2023 पासून असेच क्लीनअप मॅक्रो आलेत आणि तिथंही मालकी बाहेर न्यायला वेगळा मॅक्रो आहे. म्हणजे हा घोळ फक्त आपल्यालाच होतो असं समजू नका. घाबरू नका.

व्हेरिएबल जाहीर करतानाच नल द्या, हे मात्र हट्टानं पाळा. मध्येच लवकर रिटर्न झालं तर क्लीनअप कोऱ्या व्हेरिएबलमधला कचराच फ्री करायला जातं.

शॉर्टकट म्हणून कुणाचा तरी तयार कोड उचलू नका. त्यापेक्षा एकदा जीसीसीला 'उणे ई' (-E, फक्त मॅक्रो उलगडून दाखवणारा पर्याय) देऊन आपलीच फाइल उलगडून पाहा. मॅक्रोच्या जागी क्लीनअपचं खरं नाव छापून येतं. मला हे दाखवलं ते शेजारच्या टेबलावरच्या, माझ्यापेक्षा वर्षभरच जुन्या मुलीनं. तिनं उत्तर सांगितलं नाही, फक्त माझ्या खुर्चीमागं उभी राहिली आणि "हा ब्लॉक कुठं संपतो?" एवढं विचारलं. असा माणूस भेटला तर सोडू नका.

भेटला नाही तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून बिल्ड करा. नांदेड-लातूरला एकट्यानं शिकणाऱ्यांनाही ते फुकट मिळतं, साधा लॅपटॉप पुरतो. माझ्या कोडवर त्यानं पहिल्याच रनला 'हीप-यूज-आफ्टर-फ्री' (फ्री झालेली मेमरी वापरली) सांगितलं आणि खाली तीन याद्या दिल्या: वापरलं कुठं, फ्री कुठं झालं, घेतलं कुठं. पहिली सोडून आधी मधली वाचा. त्या यादीत जेसन पार्सरच्या क्लीनअपचं नाव होतं आणि त्याच्या खालीच माझ्या फंक्शनचं.