जखमी माणूस आणि सांडलेलं ॲसिड, दोन्ही एकाच वेळी

लॅबमधलं माझं पहिलं वर्ष होतं. संहत सल्फ्युरिक ॲसिडची बाटली एका मित्राच्या हातून निसटली. काच त्याच्या पोटरीत घुसली, ॲसिड पायांवर उडालं, उरलेलं फरशीवर पसरलं. आम्ही चौघं होतो आणि चौघंही धावलो ते स्पिल किटकडे, म्हणजे सांडलेलं रसायन उचलायच्या साहित्याकडे. मित्र तसाच उभा! त्याला ओढून लॅबमधल्या इमर्जन्सी शॉवरखाली नेलं ते पलीकडच्या टेबलावरच्या सीनियर ताईने. त्याच्या पायावरचे व्रण मला आजही दिसतात.

सांडलेलं कसं उचलायचं आणि जखम कशी बांधायची, हे आम्हाला वेगवेगळं शिकवलं होतं. दोन्ही एकदम झालं तर काय, हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. आधी माणूस, मग फरशी. विषारी किंवा पेट घेणाऱ्या वाफा असतील, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं आणि जखमीलाही सोबत न्यायचं.

शॉवर किमान १५ मिनिटं. हा शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी सोडतो, म्हणजे तेवढ्या वेळात हजार लिटरच्या वर. खाली निचरा नसेल तर खोलीत तळं होतं आणि ते बघून लोक पाणी बंद करतात. करू नका. कपडे, बूट, मोजे पाण्याखालीच उतरवा. टी-शर्ट डोक्यावरून न काढता कात्रीने कापा. इथे माणूस लाजून थांबतो, म्हणून आडोशाला चादर आणि बदलायला कपडे शॉवरजवळच हवेत. मला विचाराल तर महागड्या किटपेक्षा ती चादर आधी आणा.

खोल रुतलेली काच उपसू नका. रक्त जोरात वाहत असेल तर हातमोजे घालून, काचेच्या बाजूने दाब द्या. धुणं चालूच ठेवा. खाण्याचा सोडा फरशीवरच्या ॲसिडसाठी आहे, कातडीसाठी नाही.

हायड्रोफ्लुओरिक ॲसिडची गोष्ट वेगळी. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते लॅबमध्ये आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे बाटली उघडण्याआधी बघा. हे ॲसिड सांडलं तर वाळू टाकू नका. वाळूशी त्याची अभिक्रिया होऊन विषारी वायू निघतो.

एसडीएस म्हणजे रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक. त्यातला चौथा विभाग प्रथमोपचाराचा, सहावा सांडण्याचा. त्याची प्रत जखमीसोबत दवाखान्यात गेलीच पाहिजे. तिथल्या डॉक्टरला नेमकं रसायन कळायला हवं.

आता दर सत्राला आम्ही फरशीवर साधं पाणी ओततो आणि एकाला जखमी ठरवतो. एक जण त्याच्यापाशी, एक फोनवर, एक दाराशी. डोळे मिटून आय-वॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, जाण्याचाही सराव करतो. पहिल्याच सरावात शॉवरच्या वाटेत खोके रचलेले सापडले आणि फोनवरच्या मुलीला आपल्या खोलीचा क्रमांक सांगता येईना. तो आता फोनच्या वरच मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.