घरचं व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट: दारू कुठली, किती, आणि गॅसपासून लांब का

ठाण्यात आता होम बेकर काही कमी नाहीत, घोडबंदर रोडच्या एकेका कॉम्प्लेक्समध्ये दोन-चार जणी तरी केकच्या ऑर्डरी घेतात, पण चांगलं बटर, चांगलं चॉकलेट आणून झाल्यावर व्हॅनिला मात्र तीच दुकानातली इसेन्सची छोटी बाटली. त्या इसेन्समध्ये व्हॅनिलाची शेंग नसतेच, कृत्रिम व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य वास देणारा घटक, असतं आणि ते विरघळवायला बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते काही विष नाही, व्हॅनिलिन जर्मनीत १८७४ साली टीमान आणि हारमान यांनी लॅबमध्ये बनवलं तेव्हापासून जग तेच खातंय, पण खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला वासाचे इतके बाकीचे घटक असतात की साध्या कस्टर्डमध्येसुद्धा फरक पहिल्या चमच्याला कळतो. आणि शेंगा दारूत भिजवून एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे अर्क, घरी करणं खरंच सोपं आहे, फक्त त्यातली दारू नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं काम तीच करते.

आधी हे समजून घ्या की दारू इथे काय करते. शेंगेतले, सालीतले, मसाल्यातले वासाचे घटक बरेचसे तेलकट स्वभावाचे असतात, नुसत्या पाण्यात ते धड विरघळत नाहीत. व्हॅनिलिन पाण्यात लिटरला जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास जातं, अल्कोहोलमध्ये मात्र सहज. पण म्हणून जितकं कडक स्पिरिट तितकं चांगलं असंही नाही हं, कारण शेंगेत पाण्यात विरघळणारेही बरेच घटक आहेत, रंग आहे, थोडा गोडवा आहे, ते निव्वळ अल्कोहोलमध्ये मागे राहतात. दोन्ही थोडं थोडं हवं. आपल्याकडच्या साध्या व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे बाकी जवळपास सगळं पाणी, आणि व्हॅनिलासाठी हेच प्रमाण मस्त आहे. अमेरिकेत ज्याला कायद्याने व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणता येतं त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं, तेव्हा आपली व्होडका त्यात आरामात बसते.

आता ऑरगॅनिक. मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की ऑरगॅनिक अल्कोहोल घ्यायला हवं का. ऑरगॅनिक लिहिलेल्या स्पिरिटमध्ये धान्य किंवा ऊस बिना रासायनिक खताचा, बिना कीटकनाशकाचा पिकवलेला असतो एवढाच अर्थ, बाटलीतलं इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, दोन्हीकडे तेच. शेतकऱ्यासाठी, जमिनीसाठी पैसे जास्त मोजायचे असतील तर जरूर मोजा, पण चव त्यामुळे बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. माझं मत विचाराल तर ऑरगॅनिकचा खर्च शेंगेवर करा, कारण शेंग तुम्ही अख्खी भिजवताय, तिच्यावर जे काही असेल ते सगळं अर्कात उतरणार आहे. भारतात त्यासाठी पाकिटावरचा सरकारमान्य ऑरगॅनिक लोगो बघायचा. आणि विकताना लेबलवर ऑरगॅनिक छापायचा विचार असेल तर एकटी शेंग ऑरगॅनिक असून भागत नाही, त्याचे सर्टिफिकेटचे नियम आहेत, ते आधी वाचा.

शुद्ध म्हणजे काय हा प्रश्न ऑरगॅनिकपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. खायच्या वस्तूत फक्त पिण्यायोग्य इथेनॉल, बस्स. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, लॅबवाल्या ओळखीच्या माणसाने आणून दिलेला कॅन तर अजिबात नाही. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये ते कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम मिथेनॉल किंवा दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हे मुळात वेगळंच रसायन आहे. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलच्याच दारूने. उकळून, कोळशातून गाळून, उन्हात ठेवून हे घरी वेगळं करता येत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

तर मग सरळ वाईन शॉप. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिट लागतं, दुकानात एका दिवसाचं परमिट मिळतं, ते घ्या आणि बिल जपून ठेवा. ९५ टक्क्यांचं स्पिरिट सामान्य माणसाला असं खुलं मिळत नाही, त्याला एक्साइजचं लायसन्स लागतं, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. फार महागडी व्होडका घेऊ नका, शेंगेपुढे तिचं काही चालत नाही. ज्यांना थोडी गुळासारखी, कॅरॅमलसारखी चव आवडते त्यांनी रम घ्यावी, चॉकलेट केकला आणि प्लम केकला ती फार छान लागते. फ्लेवरवाली व्होडका नको.

शेंगा घेताना लांबलचक, चकचकीत, गुबगुबीत ए ग्रेडच्या मागे लागू नका, त्या कापून दाणे खीरीत किंवा आइस्क्रीममध्ये घालायला. अर्कासाठी बी ग्रेड, थोड्या कोरड्या, कधी चिरलेल्या, दिसायला गरीब. त्यात पाणी कमी म्हणजे वजनाच्या मानाने माल जास्त, आणि स्वस्त. कर्नाटक आणि केरळातल्या बागायतदारांचा माल आपल्याकडे येतो, ऑनलाइनही मिळतो. पाकीट उघडल्यावर शेंगेवर कधीकधी बारीक पांढरे चकाकणारे सुईसारखे कण दिसतात, लोक बुरशी म्हणून फेकून देतात, अहो ते व्हॅनिलिनचे स्फटिक असतात, ते म्हणजे तर चांगलं लक्षण! उजेडात धरून बघा, चमकलं तर स्फटिक, मळकट कापसासारखं पसरलेलं आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी, ती मात्र फेकाच. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत पाकीट उघडं ठेवलं की बुरशीला वेळ लागत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये आणलेल्या शेंगा त्याच दिवशी भिजवून मोकळं व्हायचं.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, एका लिटरला १०० ग्रॅम शेंगा. अमेरिकेच्या नियमातलं गॅलनचं प्रमाण आपल्या मापात आणलं की जवळपास हेच येतं. म्हणजे पाव लिटर व्होडकाला २५ ग्रॅम, साधारण सात-आठ शेंगा, पण शेंगा मोजू नका, वजन करा, एकेक शेंग लहानमोठी असते. बरेच व्हिडिओ एका बाटलीत दोन शेंगा टाकून दाखवतात, त्याने व्हॅनिलाचा वास असलेली व्होडका होते, एक्स्ट्रॅक्ट नाही. काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, शेंग उभी चिरायची, हवं तर दोन-तीन तुकडे करायचे, आणि दारू ओतताना शेंगेचं एकही टोक वर राहणार नाही हे बघायचं. वर राहिलेलं टोक हळूहळू खराब होतं. झाकण घट्ट, वर तारीख आणि "दारू आहे" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं लेबल, आणि अंधाऱ्या कपाटात, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. खिडकीत नाही, बाल्कनीत नाही, ऊन वासाचा सत्यानाश करतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच चिरलेल्या कडेतून तपकिरी धागे खाली उतरताना दिसतात, चहाची पुरचुंडी पाण्यात सोडल्यावर दिसतं ना तसं. तेव्हा झाकण उघडून वास घेतलात तर नुसती दारू येईल, निराश होऊ नका. आठवड्यातून एकदा बरणी हलवायची. दोन महिन्यांनी वापरण्याजोगं होतं, सहा महिन्यांनी खरी मजा येते, दारूचा तिखट वास मागे जातो आणि लाकडासारखा, मनुकांसारखा गोड वास पुढे येतो. दिवाळीला हवं असेल तर उन्हाळ्यातच घालून ठेवा.

यात घाई करायचा मोह होतो आणि इथेच धोका आहे. गरम केलं की लवकर निघेल, आटवलं की घट्ट कॉन्सन्ट्रेट मिळेल असं वाटतं, आणि नेटवर तसं करून दाखवणारेही भरपूर आहेत. स्वयंपाकघरात हे करू नका. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, पण पेट घ्यायला उकळावंच लागत नाही, ४० टक्क्यांच्या दारूची वाफसुद्धा साधारण २६ अंशाला ठिणगी मिळाली की पेटू शकते, आणि मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर गॅस न लावताच ३५ च्या घरात असतं. ती वाफ हवेपेक्षा जड, वर उडून न जाता ओट्यावरून खाली फरशीवर पसरते, तुम्ही पातेल्याकडे बघत असता आणि ती शेजारच्या बर्नरपर्यंत पोचलेली असते. ज्योत निळसर, दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. त्यामुळे ओतताना, गाळताना गॅस बंद, देवघरातली समई आणि उदबत्ती लांब, खिडक्या उघड्या. मिक्सरमध्ये शेंगा आणि दारू एकत्र फिरवायची आयडियाही नको, मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात, खालच्या जाळीतून कधी डोकावून बघा. आणि चुकून भांड्यात पेटलंच तर पाणी भसकन ओतायचं नाही, जळतं द्रव उसळून पसरतं, वर घट्ट झाकण सरकवायचं.

हीच पद्धत गांजासाठी वापरायची का असं विचारणारेही असतात, त्यांना स्पष्टच सांगते, नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात चरसच्या व्याख्येतच हॅशिश ऑइल आणि त्याचे कॉन्सन्ट्रेट धरलेत, घरी थोडंसं केलं म्हणून सूट नाही, आणि त्यात दारू आटवणं आलंच म्हणजे वर लिहिलेला आगीचा धोकाही आला.

दाट अर्क हवाय ना, मग आटवू नका, शेंगा वाढवा. लिटरला २०० ग्रॅम घाला, किंवा सहा महिन्यांनी जुन्या शेंगा काढून त्याच अर्कात नव्या घाला. बेकरीवाले डबल फोल्ड म्हणतात ते हेच, रेसिपीत निम्मं पुरतं.

व्हॅनिला जमलं की हात आपोआप मसाल्यांकडे वळतो. वेलची, दालचिनी, जायफळ जांभळी नाक्याला मिळतं, जास्त घ्यायचं असेल तर वाशीचं मसाला मार्केट. वेलची सोलून दाणे जरा ठेचायचे, आठवड्याभरात छान उतरते. दालचिनी फार वेळ ठेवू नका, चार-पाच दिवसांनी रोज एक थेंब चाखून बघा आणि तिखटपणा पुरेसा वाटला की काढा, नंतर ती तुरट होत जाते. जायफळाचा अर्क थेंबानेच वापरायचा, जायफळ जास्त झालं तर खरंच त्रास होतो. केशर मात्र इथे उलटं वागतं, त्याचा रंग पाण्यात जास्त खुलतो, त्यामुळे ४२.८ टक्क्यांतलं पाणी तिथे कामाला येतं. संत्र्याची साल घेताना साल कोमट पाण्याने घासून धुवा, वरचं मेण जायला हवं, आणि पांढरा भाग अजिबात नको, सगळा कडूपणा त्यात. संत्र्याच्या कडक अर्कात पाणी घातलं की कधी एकदम दुधासारखं पांढुरकं होतं, घाबरू नका, नासलेलं नाही, अल्कोहोल पातळ झाल्यावर सालीतलं तेल बारीक थेंबांनी बाहेर येतं.

गाळायला आधी चहाची गाळणी, मग मलमलचं धुतलेलं कापड किंवा कॉफी फिल्टर, पिळायचं नाही, आपोआप ठिबकू द्यायचं, पिळलं की अर्क गढूळ होतो. काचेच्या गडद बाटलीत भरा, फ्रिजची गरज नाही, वर्षानुवर्षं टिकतं.

एक गोष्ट मनापासून सांगते, गिऱ्हाइकाला सांगून वापरा. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, दीड-पावणेदोन ग्रॅम अल्कोहोल असतं, केक भाजताना त्यातलं बरंच उडतं पण सगळं नाही, आणि क्रीममध्ये तर तसंच राहतं. कित्येक घरांत धर्मामुळे, औषधांमुळे किंवा घरातलं कोणी मोठ्या कष्टाने दारू सोडलेलं असल्यामुळे एक थेंबही चालत नाही, आणि तो निर्णय त्यांचा, आपण परस्पर घ्यायचा नाही. त्यांच्यासाठी खायच्या ग्लिसरीनमध्ये वेगळी बरणी घाला, तीन भाग ग्लिसरीन एक भाग पाणी, वास जरा सौम्य येतो आणि वेळ जास्त लागतो पण काम होतं. ही बरणी मात्र फ्रिजमध्ये ठेवा.

उरलेल्या शेंगा फेकू नका. कापडावर पसरून पंख्याखाली, गॅसपासून लांब, दोन-तीन दिवस कडक वाळवायच्या, ओव्हनमध्ये नाही कारण त्यात अजून दारू असते, आणि मग साखरेच्या डब्यात पुरून ठेवायच्या. दोन आठवड्यांनी ती साखर घालून बासुंदी करून बघा.