श्रीखंड सोडू नका, घरी करा (आणि वड्यांचंही थोडं)

डाएट सुरू केलं की आपण आधी काय करतो, तर श्रीखंड बंद, वडे बंद, मिसळ बंद असं घरभर जाहीर करतो आणि मग पंधरा दिवसात कुणाच्या तरी डोहाळजेवणात तीन वाट्या श्रीखंड हाणून घरी येतो. माझं हे दोनतीनदा झालंय. शेवटी ठरवलं की काहीच सोडायचं नाही, फक्त घरी करायचं आणि थोडं करायचं.

श्रीखंडापासून सुरू करते कारण त्यात सगळ्यात जास्त फरक पडतो. जुन्या पद्धतीत चक्का तेवढी साखर, म्हणजे ६० ग्रॅमच्या छोट्या वाटीत ३० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे चहा धरायच्या आधीच कोटा संपला की!

आता एवढी साखर लागते का, तर चक्का आंबट असतो म्हणून. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. दही आंबट नसेल तर साखर आपोआप कमी लागते. त्यामुळे विरजण ताजं आणि गोडसर घ्या, दूध कोमट असताना लावा, आणि दही नुकतं लागलंय, चमचा घातला की कापल्यासारखं निघतंय अशा वेळी लगेच फ्रीजमध्ये टाका. उन्हाळ्यात ४-५ तासात लागतं, रात्री लावून सकाळी बघू म्हणालात की गेलं आंबट.

मग ते दही मलमलच्या कापडात बांधायचं. आमच्याकडे पूर्वी पुरचुंडी नळाला टांगायचे आणि रात्रभर बेसिनमध्ये टप टप चालू असायचं, पण एप्रिल-मेमध्ये बाहेर टांगलं की सकाळपर्यंत आंबतं, म्हणून मी चाळणीत पुरचुंडी, खाली पातेलं, वर बत्त्याचं वजन असं सगळं फ्रीजमध्येच ठेवते. ८-१० तास. खालचं पाणी फेकू नका, थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा, मस्त खमंग आंबूस चव येते.

१ लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का पडतो. ४०० ला मी १५० ग्रॅम साखर घेते, घरीच मिक्सरवर दळलेली. आधी १२० च घाला, चिमूटभर मीठ घाला (हसू नका, मिठाने गोडी उठून दिसते), कालवून झाकून दोन तास ठेवा आणि मग चव बघा. कालवल्या कालवल्या चव घेतली तर साखर विरघळलेली नसते, कमी वाटते, आणि आपण अजून दोन चमचे टाकतो, तिथेच फसतो. नंतर पुरणयंत्रातून काढा. जायफळ जरा सढळ हाताने, केशर कोमट दुधात खलून, वेलची असेल तर असेल. गोड वासामुळे गोडी जास्त वाटते, हे मात्र अगदी खरं आहे. १५० ग्रॅम साखरेत त्याच ६० ग्रॅमच्या वाटीत १६ ग्रॅमच्या आसपास साखर जाते, जवळपास अर्धीच.

आंब्याच्या दिवसात पिकलेल्या हापूसचा रस घालून आम्रखंड केलंत तर साखर अजून खाली येते, पण डब्यातला पल्प घेणार असाल तर लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा आधीच साखर असते.

एक चूक सांगते. एकदा अतिउत्साहात बिनसायीच्या दुधाचा चक्का केला, वर साखरेऐवजी स्टीव्हिया. पांढरा खडू उगाळल्यासारखं लागत होतं आणि मागून कडवट चव. घरात कुणी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नाही, सगळं मलाच संपवावं लागलं. साय राहू द्या. आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे झालं पौष्टिक असंही नाही, कॅलरीज जवळपास तेवढ्याच, वर रंग मातकट. डायबेटिस असेल तर कमी साखरेचं आहे म्हणून बिनधास्त खाऊ नका, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

वड्यांबाबत माझं मत जरा वेगळं आहे. आप्पेपात्रात केलेला बटाटेवडा छान लागतो, प्रत्येक खळग्यात पाच-सहा थेंब तेल, झाकण ठेवून दोन्हीकडून खरपूस, पण त्याला वडा म्हणू नका, तो वेगळाच पदार्थ आहे. मला महिन्यातून एकदा खरा तळलेलाच लागतो, आणि तो नीट तळला तर फार तेल पीत नाही. पिठात सोडा घालू नका, सोड्याने आवरण जाळीदार होतं आणि तेल शोषतं, त्याऐवजी चमचाभर तांदळाचं पीठ घाला. पिठाचा थेंब तेलात टाकल्यावर लगेच चुरचुरत वर आला पाहिजे. आणि पाहुणे आले म्हणून एका वेळी आठ वडे सोडू नका, तेल थंड पडतं आणि वडे चपचपीत होतात, तीन-चारच सोडा. माणशी दोन या हिशोबाने सारण करा, उरलेलं सारण दुसऱ्या दिवशी पोळीत भरून खपतं.

मिसळीत तर फार काही करावंच लागत नाही. मटकीची उसळ दुप्पट, फरसाण मूठभर, कट वेगळ्या वाटीत. वाटणात सुकं खोबरं असतंच, त्याचं तेल सुटतं, त्यामुळे फोडणीला दोन चमचे तेल पुरतं, आणि लालभडक रंग हवा असेल तर गॅस बंद करून त्या तेलात काश्मिरी तिखट टाका. पाव एकच, लिंबू-कांदा हवा तेवढा.

आणि हो, श्रीखंड अर्ध्या लिटर दुधाचंच करा. मोठा डबा भरून फ्रीजमध्ये ठेवला की रात्री अकराला पाणी प्यायला उठल्यावर चमचा कुठे जातो ते मला माहितीये.