मृगाआधी कुंड्यांची भोकं तपासा

वळवाच्या दोन सरी पडल्या की गच्चीवर बाग करणारी माणसं निर्धास्त होतात. रोज पाणी घालायचं काम सुटलं, असं वाटतं. पण कुंडीतलं झाड जास्त करून मरतं ते पावसाळ्यातच. उन्हाळ्यात मान टाकलेलं झाड तांब्याभर पाण्यानं संध्याकाळपर्यंत तरारतं. आषाढात मुळं कुजायला लागली, तर पानं पिवळी पडेपर्यंत पत्ता लागत नाही आणि तोवर उशीर झालेला असतो. पुण्यात मॉन्सून साधारण १० जूनच्या सुमारास येतो. त्यामुळे आमच्या बाग मंडळाच्या मे महिन्यातल्या बैठकीत यंदा जवळजवळ सगळा वेळ निचऱ्यावरच गेला.

तिथे एका काकूंनी भांडी घासायचा नवा स्पंज आणला होता. तो पाण्यात बुडवून त्यांनी दोन बोटांत आडवा धरला. थोडं पाणी ठिबकलं आणि थांबलं. मग तोच स्पंज न पिळता उभा धरला, तर पुन्हा बरंच पाणी गळलं. कुंडीतली मातीही अशीच वागते. भोक कितीही मोठं असलं तरी तळाशी काही बोटं उंचीचा थर ओला राहतोच. खोल कुंडीत त्याच्या वर मुळांना हवेशीर जागा उरते, उथळ कुंडीत मुळं त्या चिखलातच बसतात. म्हणून पावसाळ्यासाठी पसरट ट्रेपेक्षा खोल कुंडी बरी.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची आपली जुनी सवय इथेच चुकते. बारीक मातीतलं पाणी तुकड्यांच्या मोकळ्या जागेत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडकून राहतं. म्हणजे ओला थर जातच नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. मीही कित्येक वर्षं हाच थर मन लावून रचत होतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे.

या आठवड्यात प्रत्येक कुंडी आडवी करून तळ पाहा. मुळांनी किंवा मातीनं भोक बुजलं असेल तर सळईनं मोकळं करा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. कुंडीखाली विटांचे तीन तुकडे ठेवले की पाणी वाहून जातं आणि स्लॅबलाही हवा लागते. वीस लिटरची कुंडी भिजली की वजन तीस किलोंच्या आसपास जातं, तेव्हा मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता तुळया आणि खांबांच्या जवळ हलवा.

माती भरताना दोन भाग पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू घ्या. नुसती काळी माती कुंडीत घालू नका, ती पाणी धरून गच्च बसते. उन्हाळ्यात उपयोगी पडणारं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, म्हणून आता हात राखून वापरा. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड चालेल. पावसाच्या पाण्याबरोबर खतही वाहून जातं, म्हणून एकदम भरपूर घालण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या.

मृगाच्या सुमारास भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी लावता येईल. वेलांना किमान वीस लिटरची कुंडी हवी आणि मांडव बी टोकतानाच बांधावा, नंतर मुळं दुखावतात. कोथिंबीर-पालक मुसळधार पावसात कुजतात. त्याऐवजी अळू आणि मायाळू लावा, त्यांना हा ओलावा मानवतो. अडेनियम आणि जेड ही कमी पाण्याची झाडं मात्र छपराखालीच ठेवा.

गोगलगायींसाठी आपल्या सोयाबीन शेतकऱ्यांचा उपाय गच्चीवरही चालतो: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये पसरायचं. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ कुंडीतल्या मातीवर मुळीच टाकू नका.

हळदीचे कोंब फुटलेले गड्डे घरात असतील तर ते आजच मातीत घाला. कंद जानेवारी-फेब्रुवारीत निघतील, पण नागपंचमीच्या पातोळ्यांपुरती पानं तोवर हाताशी येतात.