स्नेक नदीत स्टर्जनसाठी गळ टाकताय? नवख्यांच्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात स्नेक नदीवर शोशोनी धबधबा आहे, 212 फुटांचा. एवढा कडा या नदीतला कुठलाच मासा चढून जात नाही, त्यामुळे धबधब्याच्या वरच्या अंगाला व्हाइट स्टर्जन हा नदीच्या तळाशी राहणारा मोठा मासा मुळात नव्हताच. आज त्याच वरच्या भागात, आयडाहो फॉल्स शहराजवळ, जे स्टर्जन गळाला लागतात, ते हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवून नदीत सोडलेले आहेत. सोडलेला मासा म्हणजे सोपा मासा, असं धरून लोक ट्राउटसारख्या लहान माशाचा नाजूक रॉड घेऊन येतात आणि पहिलं चुकतं ते तिथेच.

तीन-चार फुटांचा स्टर्जनसुद्धा प्रवाहाच्या जोरावर भरपूर दोरी ओढून नेतो. हलक्या सामानावर एक तर दोरी तुटते, नाहीतर झटापट इतकी लांबते की मासा अर्धमेला होऊन हातात येतो. सात ते नऊ फुटांचा दणकट रॉड, मोठं रीळ आणि 50 ते 80 पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी घ्या. दणकट सामानाने मासा लवकर काठाशी येतो आणि लवकर परत जातो. सगळा हिशोब याचाच, कारण आयडाहोत स्टर्जन घरी नेताच येत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे ‘पकडा आणि सोडा’ हाच नियम आहे. (मासा बघून रश्शाचा विचार मनात येणारच. मनातच ठेवा.)

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वजन बांधताना. स्नेक नदीचा तळ बऱ्याच ठिकाणी काळ्या बसाल्टचा आहे, आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत असतो तसा, फटी-कपारींनी भरलेला. वजन मुख्य दोरीलाच घट्ट बांधलं की ते फटीत अडकतं, दोरी वरून तुटते आणि आमिष लावलेला गळ तळाशी पडून राहतो. दुसरा स्टर्जन येऊन तो गिळतो. आयडाहोच्या मासेमारीच्या नियमपुस्तिकेत सरकतं वजन सक्तीचं आहे ते यामुळेच. जुळणी अशी करा: मुख्य दोरीत सरकणारी नळी ओवा. नळीच्या कडीला सहा-आठ इंच कमजोर नायलॉन, 15-20 पौंडांचं, आणि त्याच्या टोकाला वजन. नळीनंतर एक मणी, मग फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि फिरकीपासून दीडेक फुटावर गळ. वजन अडकलं की जोर लावायचा. कमजोर तुकडा तुटतो, चार-सहा औंस शिसं जातं, पण गळ आणि मासा दोन्ही हातात राहतात. आळसाने त्या तुकड्यालाही मुख्य दोरीच वापरली, तर नळी असून नसल्यासारखीच.

गळाच्या टोकामागे असतो तो उलटा काटा चालत नाही. पक्कडीने दाबून सपाट करा आणि कापसाच्या बोळ्यावरून फिरवून पाहा. तंतू अडकले तर काटा अजून शिल्लक आहे.

आमिषाबाबत लोक उगाच डोकं लढवतात. स्टर्जन तळाशी वासावर आणि तोंडापुढच्या चार मिशांवर जेवण शोधतो. गांडुळांचा जुडगा, माकूल, हेरिंग या समुद्री माशाचा तुकडा, काहीही चालतं, फक्त ताजं हवं. पाण्यात धुऊन पांढरं पडलेलं आमिष काढून टाका.

मासा चाखतो तेव्हा रॉडचं टोक नुसतं थरथरतं. नवखा माणूस लगेच हिसका मारतो आणि आमिष तोंडातून निसटतं. गोल वळणाचा गळ असेल तर हिसका मुळीच नको. टोक वाकून खाली गेलं की दोरी ताणून रीळ फिरवत राहा, गळ ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. रॉड नुसत्या दगडाला टेकवून चहा प्यायला गेलात, तर परत आल्यावर रॉड असेलच असं नाही.

मासा काठाशी आला की फोटोचा मोह आवरा. स्टर्जन पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे, आकार कितीही असो. त्याचा सांगाडा कूर्चेचा. अंगाचं वजन पाण्यानेच पेललेलं असतं. फोटो हवाच असेल तर गुडघाभर पाण्यात उतरून त्याच्या शेजारी बसा. कल्ल्यांत बोटं घालू नका, शेपटीला दोर बांधू नका. अंगावरच्या हाडांच्या ढालींच्या पाच रांगा लहान माशात चांगल्याच धारदार असतात, त्यामुळे ओले हातमोजे बरे. रांगेत एखादी ढाल कमी दिसली तर जखम समजू नका. हॅचरीत पुष्कळदा ओळखीची खूण म्हणून ती काढलेली असते. गळ खोल गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी जवळून कापा. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबा. कडक उन्हाळ्यात पाणी तापलेलं असेल तर त्या दिवशी नदीवर न गेलेलंच बरं.

आणि काहीच लागत नसेल तर? बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. लोक नदीच्या मधोमध, जोराच्या धारेत वजन फेकतात. मासा असतो डोहात, भोवऱ्याच्या कडेला, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर. वजन तळावरून घरंगळत असेल तर दोन औंस वाढवा. पाऊण तासात टोक हललं नाही तर आमिष बदला. तरीही सामसूम असेल तर सामान उचलून पुढच्या डोहावर जा. लायसन्स आणि त्या वर्षीची नियमपुस्तिका मात्र खिशात असू द्या, कारण नदीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे नियम लागू असू शकतात.