पोफळीचा पिवळा रोग ओळखताना

पोफळ (सुपारीचं झाड) पिवळी दिसली की आपण आधी युरिया टाकतो. तो टाकायच्या आधी झाड नीट बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. माझे मामा दक्षिण कन्नडमधल्या सुळ्या तालुक्यात, संपाजेच्या बाजूला बाग करतात. या रोगाने तिथल्या कितीतरी बागा बसल्या.

बघायचं ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरात. उन्हाळ्यात पाण्याच्या ताणानेही झाड पिवळं पडतं, मग काहीच उमगत नाही.

सुरुवात सगळ्यात बाहेरच्या दोन-तीन झावळ्यांपासून करा. पातीचं टोक आधी पिवळं होतं, मग पिवळेपणा आत सरकतो. मधल्या शिरेलगत मात्र हिरवा पट्टा राहतो, आणि हिरव्या-पिवळ्याची हद्द रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते. मामा पाती उजेडात धरून आधी हीच रेघ शोधतात. नत्र कमी पडलं तर झावळी सरसकट फिकट होते, अशी हद्द दिसत नाही. पाणी तुंबलं असेल तर खोलगटातली सगळी झाडं एकदम पिवळी पडतात. रोग आधी एखाददुसऱ्या झाडावर दिसतो आणि मग शेजारी पसरतो.

आता गळलेली सुपारी फोडा. आतला गर काळपट, मऊ, बोटाने दाबला तर दबणारा असेल तर संशय बळावतो. बुंध्याजवळची माती हलक्या हाताने उकरा. कोवळ्या मुळांची टोकं काळी पडून कुजलेली दिसतात. रोग जुना झाला की शेंड्याची पानं आखूड आणि ताठ होतात.

1949 साली मध्य केरळात नोंदलेला हा रोग फायटोप्लाझ्मामुळे होतो. पेशीभित्तिका नसलेला हा जिवाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतो आणि इवलासा तुडतुडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. सुपारी सडवून गळवणारा कोळेरोग बुरशीसारख्या जंतूचा, त्याला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) चालतं. इथे बोर्डोचा उपयोग नाही, आणि रोगी झाड खडखडीत बरं करणारं औषधही नाही. कुणी तसं सांगून बाटली विकत असेल तर पैसे घालू नका.

नुसत्या डोळ्यांनी शिक्कामोर्तब होत नाही, त्यासाठी पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. कासरगोडच्या सीपीसीआरआयचं (केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेचं) दक्षिण कन्नडमधल्या विट्टलला केंद्र आहे. नमुना कुठल्या भागाचा आणि कसा पाठवायचा, ते आधी त्यांना विचारा. निकाल येईपर्यंत त्या बागेतलं बी किंवा रोप कुणालाही देऊ नका, पाहुण्यांनाही नाही.