संबंध तुटल्यावर संपर्क नाकारताना

प्रेमसंबंध संपल्यानंतर पुढचा संपर्क नको असेल, तर तसे एकदाच आणि लेखी कळवावे. दोन वाक्ये पुरतात : "यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस. मी उत्तर देणार नाही." कारणे देऊ नयेत, कारण प्रत्येक कारण खोडून काढता येते आणि ते खोडले गेले की आपल्यालाही उत्तर द्यावेसे वाटते, 'सध्या', 'काही दिवस' हे शब्दही टाळावेत, वाट पाहणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. माझा पहिला नकार दीड पानांचा होता आणि त्यातल्या एकेका ओळीवर तीन आठवडे वाद चालला.

या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि मग ब्लॉक करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केल्याने साधे फोन व एसएमएस थांबत नाहीत, तो नंबर फोनमध्ये वेगळा ब्लॉक करावा लागतो. दोघेही असलेल्या ग्रुपमधले मेसेज तर त्यानंतरही दिसत राहतात, म्हणून कॉलेजच्या जुन्या ग्रुपमधून बाहेर पडलेले बरे. यूपीआय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक रुपया पाठवून त्यासोबत "एकदा बोल ना" असे लिहिणारी माणसे असतात, आणि तो रुपया परत पाठवणे हेही उत्तरच ठरते.

सांगलीकरांना पावसाळ्यात जास्त सावध राहावे लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे; आकडा चाळिशीकडे सरकू लागला की "तुमच्याकडे पाणी आलं का?" असा मेसेज अनोळखी नंबरवरून येऊ शकतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलेले ज्यांनी पाहिले, त्यांना अशा विचारणेवर गप्प बसणे माणुसकीला धरून वाटत नाही. तरीही गप्पच बसावे, कारण काळजी खरी असली तरी खुशाली कळवली की दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्याचीही विचारपूस होते.

शहर लहान, त्यामुळे हरभट रोडवर किंवा संकष्टीला गणपती मंदिरात गाठ पडायचीच. रस्ता बदलू नये, थांबूही नये. "तो विचारत होता गं" म्हणत येणाऱ्या मैत्रिणीला हा विषय पुन्हा काढू नकोस, असे पहिल्याच वेळी सांगावे.

स्पष्ट नकारानंतरही एखादा पुरुष स्त्रीचा पाठलाग करत असेल किंवा वारंवार संपर्क साधत असेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो गुन्हा आहे. पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जपून ठेवलेला स्क्रीनशॉट इथे कामी येतो. तातडीच्या वेळी 112 वर फोन करावा.

खरी परीक्षा रात्री एक वाजता असते, स्वतःचाच हात ब्लॉक काढायला जातो तेव्हा. मन फारच अस्वस्थ झाले, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज ब्लॉक काढल्यावरही पोचत नाहीत, त्यामुळे मध्यंतरी काय लिहिले असेल हे बघायला म्हणून ब्लॉक काढला, तरी तिथे रिकामीच स्क्रीन दिसते.